कर्तव्य केले तरच मत?

तुमच्या प्रश्नाचा गाभा मला असा कळला: जो कर भरत नाही, देशासाठी कसलीही सेवा करत नाही आणि राज्यकारभार कसा चालतो याची ज्याला जुजबी माहितीही नाही, त्याच्या मताला निमूटपणे सगळी कर्तव्ये पार पाडणाऱ्याच्या मताइतकेच वजन का असावे? मताधिकार वयाबरोबर आपोआप मिळण्याऐवजी कमवावा लागला, तर लोक जास्त जबाबदारीने वागतील, असे तुम्हाला वाटते.

माझे उत्तर 'नाही' असे आहे, आणि ते बऱ्यापैकी ठाम आहे. पण हा प्रश्न विचारणाऱ्याला लोकशाहीविरोधी ठरवून मोकळे होणे मला पटत नाही. नियम पाळणाऱ्याला नियम धाब्यावर बसवणाऱ्याची चीड येते, आणि ती रास्त आहे. त्या चिडीचे करायचे काय, एवढाच आपल्यातला मतभेद आहे. मतदार याद्या तयार करणे, त्यांवरचे दावे आणि हरकती ऐकणे या कामात माझ्या नोकरीची बहुतेक वर्षे गेली. म्हणून तत्त्वाची बाजू थोडी मागे ठेवतो आणि अंमलबजावणीपासून सुरुवात करतो. या प्रश्नाचा खरा निकाल तिथेच लागतो, असे माझे मत आहे.

'कर भरणाऱ्यालाच मत' ही अट एका ओळीत मावते. ती राबवायला बसलात की पहिल्याच दिवशी प्रश्न पडतात. कोणता कर? किती वर्षांचा? आकारणीवर अपील केले असेल तर तो माणूस थकबाकीदार धरायचा का? हप्ते बांधून दिले असतील तर पहिल्या हप्त्याला मत द्यायचे की शेवटच्या? पैसे भरले आणि नोंद चुकीच्या खात्यावर पडली, तर भुर्दंड कोणाला? प्रत्येक अटीला एक दाखला लागतो, प्रत्येक दाखल्याला एक कार्यालय, आणि त्या कार्यालयातल्या कोणाची तरी सही. ज्याच्या घरात कागद नीट लावून ठेवलेले असतात तो यातून सहज पार होतो. जो भाड्याच्या घरातून दुसऱ्या भाड्याच्या घरात जातो, रोजंदारीवर असतो, ज्याच्या नावाचे स्पेलिंग तीन कागदांवर तीन प्रकारे असते, तो अडकतो. त्याने कर्तव्य केलेले असते, पण ते केल्याचा कागद त्याच्यापाशी नसतो.

अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात हे अलीकडेच घडले. गुन्ह्याची शिक्षा भोगून झालेल्या नागरिकांना मताधिकार परत द्यावा, असे तिथल्या मतदारांनी 2018 मध्ये बहुमताने ठरवले. 2019 मध्ये विधिमंडळाने त्याला अट जोडली: न्यायालयाने लावलेले दंड, शुल्क आणि भरपाई चुकती केल्याशिवाय शिक्षा पूर्ण झाली असे मानायचे नाही. कानाला वाजवी वाटते, नाही का? देणे चुकवा आणि मत द्या. पण 2020 मध्ये खटला उभा राहिला तेव्हा कळले, की कोणाकडे किती बाकी आहे हे खात्रीने सांगेल अशी एकत्रित नोंद राज्याकडेच नव्हती. जुनी प्रकरणे, वेगवेगळ्या न्यायालयांतली दप्तरे, मध्ये वसुली संस्थांना गेलेल्या रकमा. सुमारे 85 हजार अर्ज छाननीसाठी पडून होते, आणि त्यांतल्या एकाचीही छाननी पूर्ण झालेली नव्हती. भरायची तयारी असलेल्या माणसालाही नेमके काय भरायचे ते समजत नव्हते, आणि चुकून अपात्र असताना मत दिले तर खटल्याची भीती होतीच. जिल्हा न्यायाधीशांनी ही व्यवस्था घटनाबाह्य ठरवली, अपील न्यायालयाने त्याच वर्षी सप्टेंबरात तो निकाल फिरवला. कायद्याच्या दृष्टीने कोण बरोबर यावर वकील भांडत राहतील. अंमलबजावणीच्या नजरेतून मात्र ही एक साधी, मोजता येईल अशी आर्थिक अट होती, आणि एका श्रीमंत देशातल्या मोठ्या राज्याला ती मोजता आली नाही. 'देशासाठी योगदान' मोजणे त्याहून किती अवघड असेल, याचा अंदाज करा.

अट कोणतीही नसतानाही यादी किती नाजूक असते, याचे एक उदाहरण मी प्रशिक्षणात नेहमी देत आलो. भारतात 1951-52 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सुमारे 17 कोटी मतदार होते. प्रौढ मताधिकार होता; ना मालमत्तेची अट, ना शिक्षणाची. तरीही जवळजवळ 28 लाख स्त्रियांची नावे यादीतून वगळावी लागली, कारण त्यांनी स्वतःचे नाव न सांगता 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' एवढेच सांगितले होते. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी न स्वीकारण्याचा निर्णय घेतला, आणि पुढच्या निवडणुकांसाठी तो योग्यच होता. पण पाहा, केवळ 'स्वतःचे नाव सांगा' एवढ्या अपेक्षेने 28 लाख माणसे बाहेर राहिली. आता त्यावर कराची पावती, सेवेचा दाखला आणि परीक्षेचे गुणपत्रक चढवून बघा.

समजा, सगळ्या नोंदी बिनचूक आहेत. मग तरी योगदानानुसार मत द्यावे का? हेही करून झालेले आहे, आणि अगदी काटेकोरपणे. प्रशियात, म्हणजे जर्मनीतल्या तेव्हाच्या सर्वांत मोठ्या राज्यात, 1849 पासून 1918 पर्यंत त्रिवर्गीय मतदान होते. मतदारसंघात जमा होणाऱ्या एकूण प्रत्यक्ष कराचे तीन समान भाग करायचे. सर्वांत जास्त कर भरणाऱ्यांपासून खाली येत पहिला तृतीयांश कर ज्यांच्याकडून येतो तो पहिला वर्ग, मग दुसरा, उरलेले सगळे तिसऱ्यात. प्रत्येक वर्गाला सारखेच निर्वाचक (पुढे प्रतिनिधी निवडणारे लोक) निवडायचा हक्क. हिशेब चोख होता: जितका कर, तितके वजन. सुरुवातीला पहिल्या वर्गात जेमतेम 5 टक्के मतदार होते आणि तिसऱ्यात 80 टक्क्यांहून अधिक. एसेन शहरात पोलादाचा कारखानदार क्रुप काही वेळा पहिल्या वर्गातला एकटाच मतदार होता. म्हणजे शहराच्या कारभारातला एक तृतीयांश वाटा एका माणसाच्या हातात, आणि उरलेल्यांत त्याचेच हजारो कामगार. त्या कामगारांच्या घामातून जो नफा झाला त्यावरचा कर मालकाच्या नावावर जमा झाला, आणि मतही त्याच्याच नावावर गेले. योगदानाची मोजदाद करायला बसले की हे होते. ज्याच्या नावाने पावती फाटते त्याचे योगदान दिसते, पावतीमागे राबणारे हात दिसत नाहीत.

आयकर न भरणारा माणूसही वस्तू विकत घेतो तेव्हा करच भरत असतो. अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्याचे सगळे करणारी, मुले वाढवणारी बाई कोणत्याच खात्यात पैसे जमा करत नाही. तिने हात आखडता घेतला तर त्या घरातल्या 'करदात्याला' दुसऱ्या दिवशी कामावर जाता येणार नाही. तिचे योगदान शून्य धरायचे की अर्धे, हे ठरवायला मी कोणत्या कारकुनाला बसवू?

बेल्जियमने मधला मार्ग काढून पाहिला. तिथे 1893 मध्ये मोठ्या संपानंतर सर्व प्रौढ पुरुषांना मत मिळाले, पण कुटुंबप्रमुख, मालमत्ताधारक आणि उच्चशिक्षित यांना जादा मते दिली. एका माणसाची जास्तीत जास्त तीन. पुढच्या वर्षीच्या निवडणुकीत सुमारे साडेआठ लाख मतदारांकडे एकेक मत होते, आणि जादा मते असलेल्या साधारण पाच लाखांकडे मिळून बारा लाखांवर मते होती. बहुसंख्य माणसे अल्पसंख्य मतांत बसली. 'सर्वांना मत' हे आश्वासन केवळ कागदावर पाळले गेले, आणि लोकांना ते लगेच कळले. समान मतासाठी 1902 आणि 1913 मध्ये पुन्हा देशव्यापी संप झाले. 1919 मध्ये एका माणसाला एक मत आले.

आता सेवेच्या अटीकडे येतो. तुमच्या प्रश्नातला मला सर्वांत वजनदार वाटणारा भाग हाच आहे. देशासाठी जीव धोक्यात घालणाऱ्याला जास्त हक्क असावा, ही भावना फार जुनी आहे आणि तिच्यात थोरपणही आहे. म्हणूनच ती वापरून घेणेही सोपे असते.

कॅनडाचे 1917 सालचे उदाहरण मी मुद्दाम विस्ताराने सांगतो. पहिले महायुद्ध चालू होते, पंतप्रधान रॉबर्ट बोर्डन यांना सक्तीची सैन्यभरती रेटायची होती आणि निवडणूक तोंडावर होती. त्यांच्या सरकारने युद्धकाळापुरता निवडणूक कायदा केला. सैन्यात असलेल्यांच्या बायका, विधवा, आया, बहिणी आणि मुली यांना मत मिळाले. संघराज्याच्या निवडणुकीत तोवर कॅनडातल्या स्त्रियांना मत नव्हते, म्हणजे हे पाऊल पुढचेच म्हणायचे. पण त्याच कायद्याने, शत्रुदेशांत जन्मलेल्या आणि 31 मार्च 1902 नंतर नागरिकत्व मिळालेल्या बहुतेकांचे मत काढून घेतले. शिवाय धर्मश्रद्धेमुळे शस्त्र न धरणाऱ्या मेनोनाइट आणि दुखोबोर पंथीयांचेही मत गेले. वरवर निकष एकच: देशासाठी काय केलेस? प्रत्यक्षात, भरतीला अनुकूल असण्याची शक्यता जास्त ती माणसे यादीत आली आणि प्रतिकूल असण्याची शक्यता जास्त ती बाहेर गेली. डिसेंबरात बोर्डन जिंकले. ज्या धोरणावर कौल घ्यायचा, त्याच धोरणाला साथ देणे ही मतदाराची पात्रता ठरवली गेली. सेवेच्या अटीत हा धोका नेहमीच असतो, कारण 'सेवा' म्हणजे काय हे सत्तेवर असलेले लोकच ठरवतात.

ब्रिटनमध्ये 1918 चा कायदा झाला तेव्हा युद्धात काम केलेल्या पुरुषांना 19 व्या वर्षीच मत मिळाले, आणि सदसद्विवेकाला अनुसरून लढायला नकार देणाऱ्यांपैकी अनेकांचे मत पाच वर्षांसाठी गेले. स्त्रियांना वयाच्या तिशीनंतरच मिळाले, तेही मालमत्तेच्या अटीवर. दारूगोळ्याच्या कारखान्यांत विषारी रसायनांत हात घालून काम करणाऱ्या मुली बहुतांशी तिशीच्या आतल्या होत्या. युद्धकार्याबद्दल स्त्रियांना मत दिले असे सांगितले गेले, आणि ज्यांनी ते कार्य केले त्यांतल्या बऱ्याच जणी दहा वर्षे, 1928 पर्यंत, ताटकळत राहिल्या. स्वित्झर्लंडमध्ये हाच तर्क उलटा वापरला गेला: सैनिकी सेवा पुरुषांवर बंधनकारक, म्हणून मतही पुरुषांचे. तिथे संघीय पातळीवर स्त्रियांना मत मिळायला 1971 उजाडले.

त्याच वर्षी अमेरिकेत मतदानाचे वय 21 वरून 18 वर आले. 'लढायला पाठवता, मग मत का नाही?' ही व्हिएतनाम युद्धाच्या काळातली मागणी होती. वरवर हा सेवेच्या बदल्यात मताचाच युक्तिवाद दिसतो, आणि तुमच्या बाजूचे लोक तो पुढे करतात. पण 26 व्या घटनादुरुस्तीने मत दिले ते अठरा वर्षांच्या सर्वांना. गणवेश घातलेल्यांनाच नव्हे, तर सक्तीची भरती ज्यांना लागू नव्हती त्या मुलींनाही. ज्या कायद्याच्या जोरावर तुम्हाला घरातून उचलून रणांगणावर पाठवता येते, तो कायदा करणारे निवडताना तुमचा शब्द असला पाहिजे, असा त्या मागणीचा अर्थ होता. मत येते ते कायद्याने बांधले गेल्यातून, आणि बांधलेले तर आपण सगळेच असतो. आयकर न भरणाऱ्याचीही जमीन सरकार संपादित करू शकते, त्यालाही तुरुंगात टाकता येते, त्याच्याही मुलांची शाळा बंद करता येते.

मला अनेकदा विचारतात, की मंडळात किंवा सहकारी संस्थेत वर्गणी थकवणाऱ्याला मतदान करता येत नाही, मग देशात का करता यावे? फरक असा, की संस्थेचे नियम पटले नाहीत तर राजीनामा देऊन बाहेर पडता येते आणि बाहेर पडल्यावर तिचे ठराव तुमच्यावर लागू होत नाहीत. देशातून असे बाहेर पडता येत नाही. मत काढून घेतले तरी कायदा अंगावर राहतोच.

ज्ञानाच्या परीक्षेबद्दल. चांगल्या हेतूने ही कल्पना मांडणारे मोठे विचारवंत होऊन गेले. जॉन स्टुअर्ट मिल यांनी 1861 मध्ये शिक्षितांना जादा मते द्यावीत असे सुचवले होते, आणि स्त्रियांना मत मिळावे म्हणून झटणाराही तोच माणूस होता. म्हणून मी हेतूवर शंका घेत नाही. पण परीक्षा कोण घेतो ते पाहा. अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यात नोंदणी अधिकारी राज्यघटनेतले कलम स्वतः निवडून अर्जदाराला अर्थ लावायला सांगे आणि उत्तर बरोबर की चूक तेही स्वतःच ठरवी. गोऱ्या अर्जदाराला सोपे कलम, काळ्या अर्जदाराला किचकट. लुइझियानात 1964 मध्ये दहा मिनिटांत तीस प्रश्न, एक चुकला की नापास. मिसिसिपीत 1964 साली पात्र काळ्या नागरिकांपैकी जेमतेम 7 टक्के नोंदलेले होते. 1965 च्या मतदान हक्क कायद्याने अशा परीक्षांना चाप बसला, संघराज्याचे अधिकारी नोंदणीला गेले, आणि 1967 पर्यंत हे प्रमाण 60 टक्क्यांच्या आसपास पोचले. माणसे तीच होती, दोन-तीन वर्षांत कोणी राज्यशास्त्रात पारंगत झाले नव्हते. उठला होता तो फक्त परीक्षकाचा पहारा.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सायमन कमिशनपुढे 1928 मध्ये प्रौढ मताधिकार मागितला, तेव्हा साक्षरतेच्या अटीला त्यांनी दिलेले उत्तर आजही मला पुरेसे वाटते. निरक्षर माणूस म्हणजे बुद्धी नसलेला माणूस ही एक चूक, आणि साक्षर झाला की शहाणा झाला ही दुसरी. त्या काळी भारतात शेतसारा, आयकर, शिक्षण, लष्करी सेवा असे निकष लावूनच मतदार ठरत. कर्तव्य आणि योगदान यांवर आधारलेला मताधिकार कसा असतो ते पाहायचे असेल तर तोच होता, आणि प्रौढांपैकी बहुसंख्य लोक त्याच्या बाहेर होते. ज्यांना शाळेत शिरू दिले नाही त्यांनाच 'शिकला नाहीस म्हणून मत नाही' असे सांगायचे, यात अन्याय दोनदा होतो. आणि शाळा कुठे काढायच्या हे ठरवणारे लोक ज्यांच्या मतांवर निवडून येत नाहीत, त्यांच्या वस्तीत शाळा शेवटी पोचते.

वय, नागरिकत्व आणि तुरुंगवास या अटी मग कशा चालतात, असे तुम्ही विचाराल. पहिल्या दोन सर्वांना सारख्या लागू होतात आणि त्या कोणाच्या लायकीची प्रतवारी करत नाहीत; अठरावा वाढदिवस गाठायला कोणाची मर्जी लागत नाही. तुरुंगवासाबद्दल देशोदेशी मतभेद आहेत. भारतात कैद्याला मतदान करता येत नाही. दक्षिण आफ्रिकेच्या घटना न्यायालयाने 1999 मध्ये आणि कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये कैद्यांचा हक्क मान्य केला. माझा कल या दोन न्यायालयांकडे आहे. पण कोणाचे मत काढून घ्यायचेच असेल, तर ते विशिष्ट गुन्ह्याची, ठरावीक मुदतीची शिक्षा म्हणून न्यायाधीशाने निकालात लिहावे. यादी घेऊन बसलेल्या अधिकाऱ्याने ते ठरवू नये.

राहिली तुमची मूळ चीड: कर्तव्य टाळणाऱ्याला काहीच होत नाही. व्हायला हवे, यात दुमत नाही. कर चुकवला तर व्याज लावा, जप्ती आणा, खटला भरा. मतदान हेच कर्तव्य मानायचे असेल तर ऑस्ट्रेलियाचे पाहा. तिथे 1922 च्या निवडणुकीत 60 टक्क्यांहून कमी मतदान झाले. 1924 मध्ये मतदान सक्तीचे झाले आणि 1925 मध्ये आकडा 91 टक्क्यांवर गेला. न आलेल्याला विचारणा होते, समाधानकारक कारण नसेल तर 20 ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड होतो, आणि पुढच्या वेळी त्याचे नाव यादीत असतेच. शिवाय मतदान शनिवारी ठेवतात आणि टपालाने किंवा आधी येऊन मत देण्याची सोय असते, म्हणजे कर्तव्य सांगणारे सरकार ते पार पाडण्याची वाटही मोकळी करते. बेल्जियममध्ये पंधरा वर्षांत चार वेळा विनाकारण गैरहजर राहिल्यास दहा वर्षे नाव यादीतून जाते. मला हे पटत नाही, कारण ज्याला परत आणायचे त्यालाच ते बाहेर ढकलते. सिंगापूरमध्ये न आलेल्याचे नाव काढतात, पण अर्ज केल्यावर पुन्हा घालतात. सबळ कारण नसेल तर लहानशी रक्कम भरावी लागते. दोन्हींतला फरक लक्षात घ्या: सिंगापुरात परतीचे दार उघडे आहे आणि ते उघडणे मतदाराच्या हातात आहे.

तरीही एखादी अट हवीच असे वाटत असेल, तर तिचे भाषण ऐकू नका, तिचा मसुदा मागा. दाखला कोण देणार, किती दिवसांत देणार, नाकारला तर कारण लेखी मिळणार का, अपील कोणाकडे आणि त्याचा निकाल किती दिवसांत, हे त्यात लिहिलेले आहे का ते पाहा. आणि अपील लोंबकळत असताना मतदानाचा दिवस उजाडला, तर त्या माणसाचे नाव यादीत असेल की नसेल, हेही विचारा.